घरच्या संगणकात आधीपासून असलेलं: कामाचं आणि करमणुकीचं

संगणक संथ झाला की बरेच जण आधी एखादा ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ शोधून डाउनलोड करतात. ते करू नका. असले प्रोग्राम स्वतःच संगणकाबरोबर सुरू होतात, मेमरी खातात, जाहिराती दाखवतात आणि जे काम करतात ते विंडोजमध्ये फुकट आणि जास्त सुरक्षितपणे होतं. इथे दिलेलं जवळपास सगळं तुमच्या संगणकात आत्ता आहे, फक्त ते कुठे आहे हे माहीत हवं. सूचना विंडोज १० आणि ११ साठी आहेत. दोन्हींत एखाद्या पानाचं नाव थोडं वेगळं दिसेल, पण वाट तीच. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तुमच्या मशीनवर ११ चालत असेल तर त्यावर जाण्याचं मनावर घ्या.

संथ संगणक: आधी बघा, मग हात लावा

कंट्रोल + शिफ्ट + एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. छोटी खिडकी उघडली तर ‘मोअर डीटेल्स’वर क्लिक करा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतात. रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुतेक वेळा कारण ब्राउझरमधले उघडे टॅब असतात. डिस्क सतत १०० टक्के असेल आणि संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर विंडोज अपडेट किंवा व्हायरस तपासणी चालू असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केलं तर तेच काम पहिल्यापासून सुरू होतं. अर्धा तास मशीन चालू ठेवून बाजूला व्हा. रोजच असं होत असेल तर खरा इलाज एकच, हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणं. सात-आठ वर्षांच्या संगणकाला याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याच बदलाने पडत नाही.

आता त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडा, सीपीयू निवडा आणि खाली ‘अप टाइम’ वाचा. समजा तिथे ११:०६:४२:१० असं दिसलं, तर त्याचा अर्थ अकरा दिवस, सहा तास, बेचाळीस मिनिटं. रोज रात्री शट डाउन करणाऱ्याला हा आकडा बघून धक्का बसतो. याचं कारण ‘फास्ट स्टार्टअप’. ही सोय चालू असली की शट डाउन करताना विंडोज आपला गाभा पूर्ण बंद करत नाही. तो डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तसाच परत उचलतं. संगणक लवकर सुरू होतो खरा, पण अडकलेला ड्रायव्हर (प्रिंटर, वाय-फायसारखा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) किंवा बिघडलेला आवाजही तसाच जागा होतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं खरोखर नव्याने चालू करतं. म्हणून काहीही विचित्र झालं, प्रिंटर सापडत नाही, वाय-फाय दिसत नाही, तर शट डाउन करून परत चालू करण्याऐवजी रीस्टार्ट करा. आठवड्यातून एकदा तसंही करावं.

संगणक चालू व्हायलाच वेळ लागत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’ बघा. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी तिथे असते आणि प्रत्येकापुढे ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ म्हणजे भार किती ते लिहिलेलं असतं. ‘हाय’ असलेले आधी बघा. गेमचे लाँचर, गप्पांची ॲप्स, व्हिडिओ मीटिंगचे प्रोग्राम, प्रिंटरबरोबर आलेली मदतनीस मंडळी यांच्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ केलं तरी काही बिघडत नाही. प्रोग्राम काढला जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. ज्यांच्या नावात ऑडिओ, टचपॅड किंवा सिक्युरिटी आहे त्यांना हात लावू नका. एका दमात दहा बंद करण्यापेक्षा दोन-तीन बंद करा, रीस्टार्ट करा, बघा. काही बिघडलंच तर कोणामुळे ते लगेच कळतं.

डिस्क भरली असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स. इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असतं. नाव ‘तात्पुरत्या फाइल्स’चं, म्हणून सगळ्या चौकोनांत खूण करून ‘रिमूव्ह’ दाबलं की डाउनलोड्स फोल्डरमधली बिलं, प्रमाणपत्रं, फोटो सगळं जातं आणि ते रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. त्या चौकोनात खूण नाही ना, हे दर वेळी बघा. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ असं दिसलं तर ती मोठ्या अपडेटनंतर राहिलेली जुनी विंडोज असते आणि बऱ्याचदा १० जीबीपेक्षा जास्त जागा धरून बसते. साधारण १० दिवसांनी ती आपोआप जाते. नव्या अपडेटवर समाधानी असाल तर आधी काढलीत तरी चालेल, पण मग जुन्यावर परत जाता येत नाही.

हाताला लावून घ्यावीत अशी बटणं

शॉर्टकटच्या लांबलचक याद्या पाठ करून उपयोग नसतो. थोडेच घ्या, पण ते दिवसातून दहा वेळा लागणारे असू द्या.

पहिला मान विंडोज + व्हीचा. नेहमीच्या कॉपीत एक गोष्ट कॉपी केली की आधीची जाते. विंडोज + व्ही पहिल्यांदा दाबल्यावर ‘टर्न ऑन’ विचारलं जाईल, ते करा. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी यादीत राहतात, मजकूर असो वा चित्र. पत्ता, खाते क्रमांक, नेहमीचं उत्तर असं वारंवार लागणारं काही असेल तर त्याच्यापुढच्या टाचणीवर क्लिक करा. बाकीचं रीस्टार्ट केल्यावर पुसलं जातं, टाचलेलं राहतं. काळजी एवढीच की कॉपी केलेला पासवर्डही या यादीत उघडा दिसू शकतो. घरात एकच संगणक सगळे वापरत असतील तर काम झाल्यावर ‘क्लिअर ऑल’ करा.

वेबपानावरून मजकूर उचलून ईमेलमध्ये टाकला की त्याच्याबरोबर रंग, अक्षरांचा आकार, निळ्या लिंका सगळं येतं. कंट्रोल + व्हीऐवजी कंट्रोल + शिफ्ट + व्ही दाबा, नुसता मजकूर येईल. ब्राउझरमध्ये हे हमखास चालतं, इतरही बऱ्याच ठिकाणी चालतं. जिथे चालत नाही तिथे आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून तिथून परत कॉपी करा.

चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल + शिफ्ट + टीने परत येतो. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा. स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा फोटोसारखा घ्यायचा तर विंडोज + शिफ्ट + एस. आणि स्क्रीन गोठली, काळी पडली, पण आवाज चालू आहे अशा वेळी पॉवर बटणाकडे जाण्याआधी विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबून बघा. एक बीप ऐकू येतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडं काम वाचतं. हा शॉर्टकट कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा, कारण लागेल तेव्हा शोधायला स्क्रीन नसेल.

फोटोंच्या फोल्डरमध्ये एफ२ची करामत बघा. आधी फोटो तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात पहिल्या फोटोवर क्लिक करा, कंट्रोल + ए दाबून सगळे निवडा, मग एफ२. एक नाव लिहून एंटर केलं की सगळ्या फोटोंना तेच नाव आणि पुढे कंसात १, २, ३ असे क्रमांक मिळतात. पहिल्या फोटोवर आधी क्लिक करायचं विसरलात तर क्रमांक मधूनच सुरू होतात. प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचं असेल तर नाव लिहून एंटरऐवजी टॅब दाबा, थेट पुढच्या फाइलचं नाव बदलायला मिळतं. फाइल एक्सप्लोररमध्येही कंट्रोल + झेड चालतं. चुकीच्या फोल्डरमध्ये ओढलेली, नाव बदललेली किंवा डिलीट केलेली फाइल लगेच त्याने परत आणा. दोन ठिकाणी मात्र रिसायकल बिन मदतीला येत नाही. शिफ्ट दाबून केलेलं डिलीट आणि पेन ड्राइव्हवरून केलेलं डिलीट थेट जातं.

पेन ड्राइव्ह भरलेला नाही, तरी फाइल मावत नाही

६४ जीबीचा पेन ड्राइव्ह, आत निम्मी जागा मोकळी, आणि ५ जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलं की विंडोज सांगतं, फाइल फार मोठी आहे. पेन ड्राइव्ह खराब नाही. तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे आणि त्या पद्धतीत फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात. ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. त्यापुढची फाइल लिहायला तिथे आकडाच नाही.

उपाय असा: पेन ड्राइव्हमधलं सगळं दुसरीकडे कॉपी करा, कारण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. मग ‘धिस पीसी’मध्ये त्याच्यावर राइट क्लिक, ‘फॉरमॅट’, ‘फाइल सिस्टिम’मध्ये एक्सफॅट निवडा, ‘क्विक फॉरमॅट’वर खूण राहू द्या आणि सुरू करा. दाबण्याआधी वर दिसणारं ड्राइव्हचं अक्षर दोनदा वाचा. जुने टीव्ही आणि गाडीतले म्युझिक प्लेअर काही वेळा फक्त एफएटी३२ ओळखतात. तेव्हा गाण्यांचा पेन ड्राइव्ह तसाच राहू द्या आणि मोठ्या फाइलींसाठी वेगळा ठेवा.

याच जातीचा दुसरा प्रश्न: १ टीबीची डिस्क घेतली आणि संगणक ९३१ जीबी दाखवतो. कुठेही चोरी झालेली नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ चा तीनदा गुणाकार, १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. भागाकार करा, ९३१ येतात. मॅकवर २००९ पासून दशमान पद्धत वापरतात, म्हणून तीच डिस्क तिथे १ टीबी दिसते.

वायरलेस माउस मधेच अडखळतो

बॅटरी बदलली, माउस पॅड बदललं, तरी बाण उड्या मारतो. मग माउसचा छोटा रिसीव्हर कुठल्या पोर्टात आहे ते बघा. त्याच्या शेजारच्या यूएसबी ३ पोर्टात, जो बऱ्याचदा आतून निळा असतो, एखादी बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावलेला आहे का? यूएसबी ३ वरून वेगाने डेटा जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट तयार होतो, आणि वायरलेस माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं, म्हणजे गोष्ट जुनी आणि पक्की आहे. रिसीव्हर संगणकाच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टात हलवा. तसा पोर्ट नसेल तर छोट्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरने तो डिस्कपासून हातभर दूर, माउसच्या जवळ आणा. ब्लूटूथ हेडफोन डिस्क लावल्यावरच तुटक वाजत असतील तर कारण हेच. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायलाही हा त्रास होतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसत असेल तर त्याला जोडून बघा.

कीबोर्डवर काही सांडलं तर

इथे सेकंद महत्त्वाचे. लॅपटॉप असेल तर चार्जर ओढा, पॉवर बटण साधारण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे तो पूर्ण बंद होईल. सेव्ह करत बसू नका. पेन ड्राइव्ह, माउस काढा. बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढा. मग लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा उलटा उभा करा: स्क्रीन एका बाजूला टेकलेली, कीबोर्ड खालच्या दिशेने. खाली कोरडा टॉवेल. हलवू, झटकू नका, कारण त्याने पाणी अजून आत जातं. हेअर ड्रायरची गरम हवा प्लास्टिक वाकवते आणि थेंब पुढे ढकलते, म्हणून तोही नको. तांदळात ठेवल्याने आतलं पाणी ओढलं जात नाही, उलट पीठ आणि कण फटींत जातात. साधं पाणी असेल तर निदान ४८ तास तसाच राहू द्या.

चहा, सरबत किंवा शीतपेय असेल तर सुकल्यावरही धोका संपत नाही. पाणी उडून जातं, साखर आणि क्षार बोर्डवर राहतात आणि आठवड्यांनी तिथे गंज धरतो. असा लॅपटॉप चालू करून ‘चालतोय’ म्हणून समाधान मानू नका. जाणकाराकडून उघडून साफ करून घ्या, आणि त्याआधी तो चालू करू नका.

आतली धूळ काढताना दाबलेल्या हवेचा डबा सरळ उभा धरा, थोडी थोडी हवा मारा आणि पंख्याचं पातं एका काडीने अडवून ठेवा. मोकळा पंखा हवेने भरधाव फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. स्क्रीनला काचेचा फवारा कधीच नको. त्यातल्या अमोनियाने वरचा थर जातो. मऊ मायक्रोफायबर कापड, त्यावर थोडं डिस्टिल्ड वॉटर, स्क्रीन बंद असताना. पाणी कापडावर मारा, स्क्रीनवर नाही.

‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’

अचानक पूर्ण स्क्रीनभर लाल पान येतं, भोंगा वाजतो, एक फोन नंबर दिसतो आणि संगणक बंद करू नका असं बजावलं जातं. हे नुसतं वेबपान आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. नंबर लावू नका, पानावरच्या कुठल्याही बटणावर क्लिक करू नका, ‘क्लोज’वरही नाही. एस्केप काही सेकंद दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटली तर टॅब बंद करा. नाही सुटली तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केप, यादीत ब्राउझर निवडा, ‘एंड टास्क’. पुन्हा उघडल्यावर ब्राउझर आधीची पानं परत आणू का असं विचारेल, तिथे नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येतं. कोणी फोनवर आधीच संगणकाचा ताबा दिला असेल तर लगेच इंटरनेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि बँकेला कळवा.

बॅकअप

नियम तीन आकड्यांचा आहे: ३-२-१. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर. घरासाठी याचा सरळ अर्थ म्हणजे एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडमध्ये. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क खंडणी मागणाऱ्या व्हायरसला तितकीच उघडी असते जितका संगणक. आणि नुसतं क्लाउडला सिंक करणं म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एका ठिकाणी डिलीट केलेली फाइल सगळीकडून जाते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा. बॅकअप घेतला होता पण तो उघडतच नाही, हे कळायची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे गरजेची वेळ. हार्ड डिस्कमधून टिकटिक असा नवा आवाज यायला लागला तर बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं उतरवून घ्या.

आता करमणूक

घरात कोणी वयस्कर माणूस पहिल्यांदा माउस हातात घेत असेल तर त्याला सॉलिटेअर उघडून द्या. १९९० च्या विंडोज ३.० बरोबर तो पहिल्यांदा आला. वेस चेरी या इंटर्नने तो लिहिला आणि पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांनी काढली. पत्ता धरून ओढणं, नेमक्या जागी सोडणं, डबल क्लिक करणं, हे सगळं खेळता खेळता हातात बसतं. आठवडाभर रोज अर्धा तास खेळलेला माणूस पुढे फाइल ओढायला घाबरत नाही.

त्याच सॉलिटेअर कलेक्शनमध्ये फ्रीसेल आहे आणि तो खरा बुद्धीचा खेळ आहे. सगळे ५२ पत्ते पहिल्यापासून उघडे असतात, नशिबाला जागा जवळजवळ नाही. जुन्या विंडोजमधल्या ३२,००० क्रमांकित डावांपैकी फक्त एक, ११९८२, सुटत नाही. म्हणजे अडकलात तर बहुधा वाट आहे, तुम्हाला दिसली नाही. एक हिशेब पाठ ठेवा: एका दमात किती पत्ते हलवता येतील? मोकळे कप्पे (पत्ता तात्पुरता ठेवायच्या वरच्या जागा) अधिक एक, आणि प्रत्येक मोकळ्या स्तंभासाठी त्याची दुप्पट. तीन कप्पे आणि एक स्तंभ मोकळा असेल तर चार गुणिले दोन, आठ पत्ते. पण त्या मोकळ्या स्तंभातच हलवायचे असतील तर तो हिशेबात धरता येत नाही, मग चारच. म्हणूनच मोकळा स्तंभ कप्प्यापेक्षा मोलाचा. डाव सुरू होताच एक्के आणि दुऱ्या कुठे गाडल्या गेल्या आहेत ते शोधा, आणि कप्पे भरण्याची घाई करू नका.

माइनस्वीपर आता विंडोजबरोबर येत नाही, पण मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये फुकट आहे. सोपी पातळी ९ बाय ९ आणि १० सुरुंग, मधली १६ बाय १६ आणि ४०, अवघड ३० बाय १६ आणि ९९. अवघड पातळीत साधारण दर पाचव्या घरात सुरुंग असतो, तिथे अंदाजाने खेळून भागत नाही. उघडलेल्या घरातला आकडा म्हणजे त्याला लागून असलेल्या घरांत किती सुरुंग आहेत ते. एक नमुना शिकून घ्या, खेळ बदलून जाईल. समजा एका ओळीत उघडलेली घरं १-२-१ अशी आहेत, वरची ओळ बंद आहे आणि बाकी सगळ्या बाजू उघड्या आहेत. आता २ च्या बरोबर वरच्या घरात सुरुंग आहे असं धरून बघा. ते घर दोन्ही १ ना लागून आहे, म्हणजे दोघांचा एक-एक सुरुंग तिथेच पुरा झाला. मग १ च्या वरच्या घरांत काही असू शकत नाही आणि २ ला एकच सुरुंग मिळतो. हे जमत नाही. म्हणून २ च्या वरचं घर सुरक्षित, सुरुंग दोन्ही १ च्या वर, आणि त्यांच्याही पलीकडची बाहेरची दोन घरं सुरक्षित. तीच मांडणी १-२-२-१ असेल तर सुरुंग दोन्ही २ च्या वर. हे दोन नमुने डोळ्यांत बसले की मधली पातळी बरीच झपाट्याने सुटते.

मुलांसाठी एक्सेलमध्ये आकड्यांचं चित्र बनवा. कोऱ्या पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणावर क्लिक करून सगळी घरं निवडा. दोन स्तंभांच्या नावांमधली रेघ ओढा, ओढताना शेजारी पिक्सेलचा आकडा दिसतो, तो २० झाला की सोडा. ओळींचंही तसंच २० करा. घरं चौकोनी झाली. सगळं निवडलेलं असतानाच ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’, ‘हायलाइट सेल रूल्स’, ‘इक्वल टू’, तिथे १ लिहा आणि ‘कस्टम फॉरमॅट’मध्ये लाल रंग भरा. तसंच २ ला हिरवा, ३ ला निळा. शून्याला रंग देऊ नका, कारण एक्सेल रिकाम्या घराला शून्य समजतं आणि सगळं पान रंगून जातं. आता पहिल्या ओळीत २, ३, ५, ६ या घरांत १ लिहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत १ ते ७, चौथीत २ ते ६, पाचवीत ३ ते ५, सहावीत फक्त ४ थं घर. लाल बदाम तयार होतो. आकडे लपवायचे तर घरं निवडून कंट्रोल + १, ‘नंबर’, ‘कस्टम’, आणि तिथे ओळीने तीन अर्धविराम. मोठ्यांनी चौकोनी वहीत चित्र काढून नुसते आकडे मुलांना द्यायचे आणि काय उमटतंय ते त्यांनी शोधायचं. जपानचे तात्सुओ होरिउची यांनी निवृत्तीनंतर एक्सेलच्याच आकृत्यांतून अख्खी निसर्गचित्रं रंगवली, तेव्हा एक्सेलची पोहोच कमी समजू नका.

नोटपॅडची रोजनिशीही करून बघा. नव्या फाइलच्या पहिल्या ओळीत, आधी काहीही न सोडता, एक टिंब आणि लगेच इंग्रजी मोठ्या अक्षरांत एल, ओ, जी लिहा. सेव्ह करून बंद करा. यापुढे ही फाइल उघडाल तेव्हा शेवटी त्या दिवसाची तारीख आणि वेळ आपोआप लिहिली जाईल. लहान अक्षरं किंवा टिंबाआधी मोकळी जागा असेल तर हे चालत नाही. कुठल्याही फाइलमध्ये मधेच वेळ टाकायची असेल तर एफ५. औषधाच्या वेळा, फोनवर झालेलं बोलणं, राउटर कधी बंद पडला, अशा नोंदींना हे फार उपयोगी.

इंटरनेट गेलंच तर क्रोममध्ये पान न उघडल्याच्या सूचनेवर जो डायनासोर दिसतो त्याच्याकडे बघत बसू नका, स्पेस दाबा. २०१४ पासून तिथे हा खेळ आहे. वरच्या बाणाने उडी, खालच्या बाणाने वाकायचं, ७०० गुण झाले की रात्र होते. बनवणाऱ्यांच्या सांगण्यानुसार तो संपायला सुमारे १ कोटी ७० लाख वर्षं लागतील. नेट असतानाही खेळायचा असेल तर पत्त्याच्या जागी क्रोम, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि डायनो असं इंग्रजीत लिहा. एजमध्ये त्याच पद्धतीने एज आणि सर्फ लिहिलं की लाटांवरचा खेळ उघडतो, आणि तो माउसनेही खेळता येतो.